वार कुणाचं ऐकते?

बाळामागोमाग वार पडते. वजन साधारण अर्धा किलो. दवाखान्यात ती पिवळ्या पिशवीत जाते, काही घरांत अजूनही पुरतात. बाळाच्या कौतुकात तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

पण बाळाच्या जन्माआधी हीच वार संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, निरोप ऐकत असते. संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरतं, पण काम करतं ते फक्त त्याला ओळखणारा ग्राही ज्या पेशीत आहे तिथंच. वारेत इन्सुलिनचेही ग्राही असतात. सुरुवातीच्या महिन्यांत ते मुख्यतः आईच्या रक्ताला भिडलेल्या बाजूला असतात. दिवस भरत येतात तसे ते बाळाकडच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जास्त सापडतात. तोवर बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन करू लागलेलं असतं. थोरल्यांच्या शब्दावर चालणारं घर हळूहळू धाकट्याच्या मर्जीनं चालू लागावं, तसा हा बदल. मला यात सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की हे सगळं कुणाच्याही नकळत होतं, अगदी त्या आईच्यासुद्धा.

आपण मात्र ‘हार्मोन वाढले’ म्हणतो आणि मोकळे होतो. बाळंतपणाचंच बघा. मेंढीत कळांआधी प्रोजेस्टेरॉन उतरतं. बाईच्या रक्तात ते वार पडेपर्यंत चढलेलंच असतं, तरी कळा येतात, कारण गर्भाशयाच्या स्नायूतले त्याचे ग्राही बदलतात. निरोप तोच, पण ऐकणारा ऐकेनासा होतो.

आईच्या साखरेचंही असंच काहीसं आहे. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे आईचं शरीर तिच्याच इन्सुलिनला दाद देईनासं होतं. बाळाला साखर कमी पडू नये, म्हणून ही सोय. आईचं इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर ओलांडते. आईचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन करून तोल सांभाळतं. जिथं ते पुरं पडत नाही, तिथं गरोदरपणातला मधुमेह होतो. मग जादा साखर बाळाकडे जाते, त्याचं इन्सुलिन वाढतं आणि बाळ प्रमाणाबाहेर वाढतं. वार पडली की बहुतेक आयांची साखर लवकरच खाली येते.

अशा बाईला ‘फार गोड खाल्लंस’ म्हणून ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं. पथ्य पाळावंच लागतं, पण दोष जिभेचा नसतो. आणि ‘दोन जीवांची आहेस, खा’ असा आग्रह करणारेही हेच लोक असतात!

घरात कुणाला दिवस गेले असतील तर पहिल्याच तपासणीला साखरेची चाचणी करून घ्या. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशीपोटी जायची गरज नसते. आकडा 140 किंवा वर आला तर उपचार लगेच सुरू होतात. खाली आला तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासायला विसरू नका.