‘नाटकी’

‘नाटकी’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. कोणी जरा जपून, मऊ बोलला, दारी आलेल्याला दोनदा ‘बसा’ म्हणाला, की आपला शेरा ठरलेला : ‘फार नाटकी आहे हो!’ ज्या पुण्याने १९६८ साली बालगंधर्वांच्या नावाने रंगमंदिर उभारले, त्याच पुण्यात नाटकावरून निघालेला शब्द दूषण ठरावा, याचे मला नवल वाटते.

आपली भाषा मुळात इतकी ढिली नाही. तिने सोंग आणि ढोंग असे दोन शब्द निराळे राखले आहेत. भारुडातले किंवा तमाशातले सोंग हे सोंग आहे, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते; ढोंग मात्र पाहणाऱ्याच्या अज्ञानावरच जगते. ‘झोपेचे सोंग’ म्हणताना आपण ही सीमा पुसतो खरे. तरी बहुधा एवढी कसोटी पुरते.

बहुधा, नेहमी नव्हे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी होऊन रंगभूमीवर उभे राहिले. बापाचे दुःख भामिनीच्या मुखावर दिसू द्यायचे नव्हते. याला ढोंग म्हणायला कोणाची जीभ धजेल? तेव्हा, मनातले लपविले की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. लपविण्याची किंमत कोणी मोजली, हा खरा प्रश्न. ढोंगी मनुष्य ती दुसऱ्याच्या माथी मारतो. बालगंधर्वांनी ती स्वतः मोजली.

मी शाळामास्तर. घरची विवंचना घेऊन निघालेला शिक्षक वर्गाच्या दारातच चेहरा बदलतो. त्याचा भार मुलांनी का वाहावा? पण मला अधिक चिंता वाटते ती मुलांची. एखादा तिरसट मुलगा मनाशी ठरवून गोड बोलू लागतो. पहिल्या दिवशी ते बोलणे अंगाला न बसलेल्या नव्या सदऱ्यासारखे दिसणारच. मागच्या बाकावरून कोणी ‘नाटकी’ म्हणतो, आणि तो पुन्हा तिरसट होतो. मग आपण म्हणतो, हा खरा! चांगुलपणा उपजत थोड्यांनाच लाभतो. बाकीच्यांना तो आधी वागण्यात आणावा लागतो, मागाहून मनात उतरतो.

म्हणून हा शब्द उच्चारण्यापूर्वी एवढेच पाहावे : समोरचा मनुष्य आपल्याकडून काही उपटू पाहतो आहे, की आपल्याला काही देऊ पाहतो आहे? देत असेल, तर त्याचा प्रयोग चालू द्यावा.