वाऱ्याचा आवाज नेमका कुणाचा?

वारा स्वतः फारसा आवाज करत नाही. झाड नाही, तार नाही, भिंत नाही अशा उघड्या माळावर उभे राहिलात, तर जे घोंघावणं ऐकू येतं ते बऱ्याच अंशी तुमच्याच कानाच्या पाळीशी अडखळलेल्या हवेचं असतं. हवेला आवाज व्हायला मध्ये कुणीतरी यावं लागतं. तरीही आपण म्हणतो ‘वाऱ्याचा आवाज’. त्या ‘चा’ने सगळी जबाबदारी वाऱ्यावर जाते आणि मध्ये आलेला माणूस नामानिराळा राहतो.

माझ्यासाठी हा प्रश्न नुसता व्याकरणाचा नाही. मी डेन्व्हरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि सुट्टीत पिकअप ट्रकवर कॅम्पर चढवून भटकतो. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवलेली छोटी खोली. आत गादी, शेगडी, पाण्याची टाकी. झोपायचा कप्पा पुढे येऊन केबिनच्या छतावर टोपीसारखा झुकलेला असतो. दिसायला गोड, पण हवेच्या दृष्टीने चाकांवर ठेवलेलं कपाट. वायोमिंगमध्ये इंटरस्टेट ८० वर लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. वारा फारच वाढला की हलक्या आणि उंच गाड्यांना तो रस्ता बंद करतात, आणि कॅम्पर दोन्हींत मोडतो. रस्ता उघडा असतो तेव्हाही केबिनमध्ये शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं.

हा आवाज एक नसतो. छताच्या आडव्या दांड्यांची शीळ वेगळी, केबिनचं छत आणि कॅम्परचा तळ यांच्यातल्या फटीत कोंडलेल्या हवेची धडधड वेगळी, सामान बांधलेल्या सपाट पट्ट्याचा गुणगुणाट वेगळा. गोल दांडीवरून हवा जाते तेव्हा तिच्या मागे एकदा वरून, एकदा खालून असे भोवरे सुटत राहतात. चेनेक स्ट्रोहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ साली तारांचं हे गाणं मोजलं. त्याचं गणित सोपं आहे. वेगाला दांडीच्या जाडीने भागा आणि ०.२ ने गुणा. तीन सेंटीमीटर जाडीची दांडी आणि ताशी ७५ मैल वेग असेल, तर साधारण २२० हर्ट्झ येतात. म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. वेग बदलला की सूर बदलतो. त्या शीळेत वाऱ्याचं असं खास काही नाही. तिच्यात माझी दांडी आहे आणि माझा वेग आहे.

मग या आवाजाचं करायचं काय? मला तीन वाटा दिसतात, आणि त्यांच्यातला फरक फक्त तांत्रिक आहे असं मला वाटत नाही.

पहिली वाट कान झाकायची. गाणी मोठी लावा किंवा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घाला. एकसुरी, खालच्या पट्टीचा घरघराट मारण्यात ते पटाईत असतात. पण कॅलिफोर्नियात गाडी चालवताना दोन्ही कानांत इअरबड घालणं कायद्याने मना आहे. कारण उघड आहे: मागून येणारी अॅम्ब्युलन्स तुम्हाला ऐकू यायला हवी. कान झाकला की नको असलेल्याबरोबर हवं असलेलंही जातं. आमच्या धंद्यात याला अलर्ट म्यूट करणं म्हणतात. रात्री तीनदा वाजणारी सूचना बंद केली की झोप लागते. सर्व्हर मात्र होता तिथेच असतो.

दुसरी वाट आकार बदलायची. सपाट पट्ट्याला दोन-तीन पीळ दिले की त्याचा गुणगुणाट थांबतो, कारण पूर्ण लांबीभर एका तालात फडफडणं त्याला जमत नाही. दांडीभोवती दोरी नागमोडी गुंडाळली तर भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत आणि शीळ विरते. कारखान्यांच्या उंच धुराड्यांवर वर चढत जाणारी पट्टी दिसते ना, ती याच तत्त्वावर असते, फक्त तिथे चिंता आवाजाची नसून धुराडं हलण्याची असते. दांड्यांपुढे तिरकी फळी लावता येते, दाराचं झिजलेलं रबर बदलता येतं. ही वाट मला प्रामाणिक वाटते, कारण आवाज जातो तो कारणासकट.

पण एका मर्यादेनंतर ती संपते. कपाटाची मासोळी होत नाही. मग उरते तिसरी वाट, वेग कमी करायची. आम्हा इंजिनियर लोकांना ती हरल्यासारखी वाटते. मात्र आकडे तिच्या बाजूने आहेत. अशा आवाजाची ऊर्जा वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ताशी ७५ मैलांवरून ६० वर आलात तर वेग एक पंचमांशाने कमी होतो, पण आवाजाची ऊर्जा जवळजवळ एक चतुर्थांशावर येते. दोनशे मैलांच्या प्रवासात याची किंमत चाळीस मिनिटं. उजव्या लेनमधून गुमान चालायचं आणि मागच्यांना पुढे जाऊ द्यायचं.

इथवर सगळा हिशोब माझ्या एकट्याच्या सोयीचा होता. नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. तिथे जनरेटर लावणाऱ्याला आपण बेजबाबदार म्हणतो, कारण त्याचा त्रास दुसऱ्याला होतो. केबिनमधल्या आवाजाचा त्रास मात्र माझा मलाच, म्हणून तो नैतिक प्रश्न नाही, नुसता रबराचा आणि फळीचा प्रश्न, असं मानणं सोपं आहे. पण शेजारच्या सीटवर माणूस असतो.

गेल्या उन्हाळ्यात त्या सीटवर अण्णा होते. माझ्या वडिलांनी तीस वर्षं ट्रक चालवला, बहुतेक कोल्हापूरहून वाशीला गूळ. त्यांचा उजवा कान, खिडकीकडचा, आता फारसा चालत नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. लहानपणी मी त्यांच्या डाव्या हाताला बसायचो, म्हणजे चांगल्या कानाशी. अमेरिकेत मी डावीकडे बसून चालवतो आणि ते उजवीकडे, म्हणजे इथेही चांगला कान माझ्याकडेच आला. ही एवढी सोय नशिबाने करून ठेवलेली असताना वाऱ्याने ती वाया घालवावी, हे मला बघवेना.

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टराने १९११ साली हे नोंदवलं आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. बोलणं चालू राहतं, पण काय बोललं जातं ते बदलतं. ‘पाणी दे’, ‘ते बघ हरीण’, ‘पेट्रोल किती?’ एवढं ओरडून बोलता येतं. काही वाक्यं ओरडून बोलताच येत नाहीत. ती पोटातल्या पोटात राहतात आणि आपण समजतो की समोरच्याला काही बोलायचंच नव्हतं.

रॉलिन्स सोडून आम्ही लँडरकडे वळलो होतो. मी साठवर चालवत होतो. अण्णांनी पुढच्या पॅनेलवर तळवा टेकवला आणि थोड्या वेळाने म्हणाले, “काय तरी ढिलं झालंय बघ.” मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. गाडी बाजूला घेतली. कॅम्परला ट्रकशी धरून ठेवणारे चार टर्नबकल असतात, दोन्हीकडे आटे असलेल्या ताणकड्या. पहिल्या काही मैलांत कॅम्पर जागेवर बसतो तशा त्या सैल पडतात, म्हणून मध्ये थांबून तपासायच्या असतात. पुढची उजवी सैल होती. अर्ध्या कानाचा माणूस हाताने ऐकत होता. मोठ्याने गाणी लावून, पायही थरथरतील इतक्या वेगाने चाललो असतो, तर ते त्या तळव्यालाही कळलं नसतं.

पुन्हा निघाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी, रस्त्याकडे बघत, नेहमीच्या आवाजात विचारलं, “परत यायचं डोक्यात हाय का न्हाय?” महिनाभर ते माझ्या घरी होते. तिथे वारा नव्हता, पण टीव्ही होता, माझे कॉल होते, डिशवॉशर होता. मी म्हणालो, “अण्णा, खरं सांगू का, माझं ठरलेलं नाही.” ते म्हणाले, “ठरलं नसंल तर नसंल. इचारून ठिवलं.” ताशी ७५ मैलांनी हे संभाषण झालं नसतं असं मी सिद्ध करू शकत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ते साठच्या वेगात झालं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. शांततेच्या शोधात निघालेला माणूस कपाटाएवढी खोली पाठीवर घेऊन, पेट्रोल जाळत, शेकडो मैल आवाज करत जातो. साठने जा की पंच्याहत्तरने, हा विरोधाभास तसाच राहतो. मला तो पूर्ण सोडवता येत नाही. जे सोबत न्यायचं ठरवलं त्याचा आवाज होणारच. गादी हवी, शेगडी हवी, तर तिच्यावरून जाणारी हवाही आपलीच. पण म्हणूनच तो आवाज वाऱ्याच्या नावावर टाकू नये असं मला वाटतं.

आता कुठलाही त्रासदायक आवाज बंद करण्याआधी मी दोन गोष्टी बघतो. तो बंद केल्यावर त्याचं कारण जाईल, की फक्त माझं ऐकणं जाईल? आणि त्या आवाजाखाली कुणाचं बोलणं दबतंय? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा पान्याने आणि दोरीने मिळतं. दुसऱ्यासाठी पाय थोडा उचलावा लागतो, आणि शेजारचा बोलेल याची खात्री नसतानाही तसंच जात राहावं लागतं.