न मोजलेले मरण

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली एक अंदाज मांडला. २०१० या एका वर्षात दूषित अन्नामुळे जगात सुमारे ४ लाख २० हजार माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुलेच सव्वा लाख. अमेरिकेचा २०११ सालचा अंदाज वर्षाला ३ हजार मृत्यूंचा. तोही हिशेबाने काढलेला, कारण प्रत्येक रोग्याची तपासणी तिथेही होत नाही. जिथे प्रयोगशाळाच नाही, तिथे ‘जुलाबाने गेले’ एवढीच नोंद, कित्येकदा तीही नाही.

अंदाजाला सत्य कसे म्हणावे, असे कुणी विचारील. पण नोंदवहीतले शून्य हे त्याहून मोठे असत्य आहे. चुकलेला अंदाज सुधारता येतो. शून्याला कुणी जाब विचारीत नाही. म्हणून चुकण्याची तयारी ठेवून मोजणे, हाच मृतांविषयीचा धर्म.