सव्वा मिलिमीटर

चेनसॉला कुठली साखळी चढवावी हे साखळीकडे बघून ठरत नाही. आधी लाकूड बघावं, मग इंजिन, आणि मग ते मशीन दिवसभर ज्याच्या हातात राहणार त्याचा खांदा.

दुकानात लोक पट्टीची लांबी विचारतात. अठरा इंची की बावीस इंची? लांबी लगेच डोळ्यांत भरते. पिच विचारणारा क्वचित भेटतो, आणि काम कसं होणार हे बरंचसं पिचवर असतं.

पिच मोजायला साखळी मेजावर सरळ ठेवावी. लागोपाठचे तीन रिव्हेट धरावेत. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यावं आणि त्याचं निम्मं करावं. दोनच रिव्हेट धरून चालत नाही, कारण सगळे सारख्या अंतरावर नसतात. एक अंतर किंचित लांब असतं, पुढचं किंचित आखूड. एका अंतरावरून साखळीचं माप निघत नाही. दोन धरली की निघतं.

मापं मोजकीच आहेत. १/४ इंच, ०.३२५, ३/८ आणि ०.४०४. वर्कशॉपात पहिल्याला दोन सूत म्हणतील, तिसऱ्याला तीन सूत. ०.३२५ कुठल्याच सुतात बसत नाही, आणि ०.४०४ तीन सुतांच्या जरा पुढे जातं. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ०.३२५ म्हणजे सव्वाआठ आणि ३/८ म्हणजे साडेनऊ. फरक सव्वा मिलिमीटरचा.

हा सव्वा मिलिमीटर डोळ्याला जाणवत नाही. मनगटाला जाणवतो.

इंजिनाची ताकद साखळीपर्यंत पोचते ती क्लचपाशी बसवलेल्या दात्यांच्या चाकातून, म्हणजे स्प्रॉकेटमधून. सात दात्यांचं स्प्रॉकेट एका फेऱ्यात ०.३२५ची साखळी साधारण साडेअकरा सेंटिमीटर ओढतं, ३/८ची सव्वातेरा. फेरा तोच, ओढ जास्त. शिवाय ३/८चा दात अंगानं मोठा, त्याची खाच रुंद, म्हणजे लाकूडही जास्त काढायचं. इंजिन दमदार असलं तर ही साखळी लाकडातून सरसर उतरते. दमदार नसलं तर इंजिनाचा आवाज खाचेतच खाली बसतो, साखळी अडखळते, आणि माणूस मशीन वरून दाबू लागतो. लहान इंजिनावर मोठी साखळी चढवणं म्हणजे पाड्याच्या मानेवर बैलाचं जू ठेवणं.

मोठ्या दाताला भूकही मोठी लागते. ती भागवणारं इंजिन आपल्याकडे आहे का, हे आधी बघावं.

ढोबळ हिशेब असा: चाळीस सीसीच्या आतल्या मशीनला लो प्रोफाइल ३/८, चाळीस ते पंचावन्नच्या आसपास ०.३२५, त्यावरच्याला पुरी ३/८, आणि नव्वदच्या पुढे ०.४०४. सीमा काटेकोर नाहीत. आपल्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या ५८ सीसीच्या मशीनवर बहुधा ०.३२५च येते, आणि तिथे ती शोभते. सारख्याच लांबीच्या पट्टीवर तिच्यात दाते जास्त बसतात: अठरा इंचांवर ०.३२५च्या साधारण ७२ ड्राइव्ह लिंक (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कड्या), ३/८च्या ६८. दाते जवळजवळ आले की कापही गुळगुळीत होतो, आणि मशीन हातात कमी उड्या मारतं.

३/८ नावाच्या साखळ्या दोन आहेत, इथे पुष्कळ जण फसतात. पुरी ३/८ आणि लो प्रोफाइल ३/८. माप एक, पण कुळी वेगळी. लो प्रोफाइलची अंगलट बारीक, दात ठेंगणा. ती लहान मशीनसाठी आणि हलक्या कामासाठी. एकीच्या स्प्रॉकेटवर दुसरी चालवू नये. आकडा जुळला म्हणून सगळं जुळलं असं समजू नये.

आजची साखळी ज्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा आली तो जोसेफ कॉक्स अमेरिकेतल्या ऑरेगनचा. १९४६ साली त्यानं लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. त्या काळच्या साखळ्या हातकरवतीसारखे सरळ दाते घेऊन लाकूड ओरबाडत. त्यांना धार लावण्यातच कामाचा वेळ जाई. अळी मात्र आडवं-उभं कसंही लाकूड सहज खात होती, जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा चालवत. कॉक्सनं तीच चाल पोलादात उतरवली. एक दात डावा, पुढचा उजवा, कडा वळवून आणलेली. १९४७मध्ये ती साखळी बाजारात आली, आणि आज जगभर चालणाऱ्या साखळ्या तिच्याच वंशातल्या आहेत.

अळीचा जबडा मोठा नव्हता. चाल बरोबर होती.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या भागातल्या बागांत त्यानंतर जे पडून होतं, ते बघितलं की साखळीचा प्रश्न कागदावर राहत नाही. एकाच बागेत तीन तऱ्हेचं काम होतं. नारळ आडवे पडलेले: कडेनं टणक, आत भुसभुशीत, आणि टणक भागात धार बघता बघता खाणारे. हापूसचं जुनं कलम मुळासकट उपटलेलं: खोड कवेत न मावणारं, बुंध्याला चिखल. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यांत नाजूक: जी कलमं उभी राहिली होती, पण ज्यांच्या फांद्या अर्ध्यातून चिरल्या होत्या.

मेलेल्या खोडाला चूक चालते. जिवंत फांदीला चालत नाही.

उपटलेल्या कलमाच्या खोडाला ३/८ हवी आणि तिला पेलणारं इंजिन हवं. नारळाला ०.३२५ पुरते, तिथे पिचपेक्षा दर थोड्या वेळानं कानस फिरवण्याची तयारी जास्त कामाला येते. चिरलेल्या फांदीला मात्र लहानात लहान साखळी, १/४ किंवा लो प्रोफाइल ३/८, हलक्या मशीनवर. झाडावर चढलेल्या माणसाच्या हातात जड मशीन द्यायचं नसतं. शिवाय लहान पिचच्या पट्टीचं नाक बारीक असतं. नाकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की पट्टी उसळून अंगावर येते. नाक जेवढं बारीक तेवढा हा धोका कमी. फांदी कापताना आधी खालून थोडी खाच घ्यावी, मग वरून उतरावं, म्हणजे ती स्वतःच्या वजनानं सालीचा पट्टा ओढून नेत नाही. शेवटी फांदीच्या बुडाशी एक स्वच्छ काप, आणि त्यावर बोर्डो पेस्ट. दोन फांद्यांच्या बेचक्यात लहान साखळी अलगद शिरते. मोठी साखळी शेजारच्या सालीलाही तोंड लावते.

कोकणातल्या बागायतदाराला दरवर्षी कापाव्या लागतात त्या फांद्या. जुनी, दाटलेली कलमं छाटून उजेड आत आणायचा, वाळकी काढायची, रस्त्यावर झुकलेली उतरवायची. खोड एखाद्या वादळातच आडवं होतं. तरी माणूस साखळी घेतो ती आयुष्यात एकदा पडणाऱ्या झाडासाठी, आणि चालवतो ती दरवर्षीच्या फांद्यांवर. मला ही निवड उलटी वाटते, आणि तिची किंमत झाड मोजतं.

पिचकडून सगळ्याच गोष्टींची अपेक्षा धरू नये. दातानं किती खायचं हे त्याच्या पुढे उभी असलेली बुटकी नाकाडी ठरवते. दाताच्या टोकापेक्षा ती साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असते. तेवढाच घास. काम उरकावं म्हणून कुणी ती नाकाडी कानशीनं खाली उतरवतात. मग दात लाकडात रुततो, मशीन झटके देतं, इंजिन गुदमरतं. घास मोठा केला तर वेग वाढतोच असं नाही.

आणि लाकूड कठीण असलं की पिच वाढवायचा, हा समजही काढून टाकावा. आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागात सिलिका असते, ती धार मारते. वाळकी बाभूळ, चिंच तर हाताला घाम फोडतात. तिथे दाताचा आकार बदलावा: टोकदार कोपऱ्याचा फुल चिझल दात स्वच्छ, मऊ लाकडात वेगवान असतो, पण कठीण किंवा मातीनं माखलेल्या लाकडात कोपरा गोलसर असलेला सेमी चिझल जास्त टिकतो. फळ्या पाडायच्या तर गोष्ट आणखी वेगळी. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं चिरताना धारेचा कोन नेहमीच्या तीस अंशांवरून दहाच्या आसपास आणतात. ०.४०४चं राज्य अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रचंड वृक्षांत आणि जंगलतोडीच्या अवजड यंत्रांवर.

साखळी खूश आहे की नाही हे जमिनीवर बघावं. खाचेतून ढलप्या उडत असतील तर ती कापते आहे. पीठ पडू लागलं की ती नुसती घासते आहे. तेव्हा थांबावं, पट्टी गार होऊ द्यावी, कानस काढावी. कानसही पिचप्रमाणे: लो प्रोफाइल ३/८ला साधारण ४ मिलिमीटरची, ०.३२५ला ४.८ची, पुऱ्या ३/८ला ५.२ किंवा ५.५ची. चुकीच्या कानशीनं घासलेला दात चकचकीत दिसतो आणि कापत नाही.

पिच बदलायचा तर नुसती साखळी बदलून भागत नाही. स्प्रॉकेट बदलावं लागतं, आणि पट्टीच्या नाकात चाक असेल तर पट्टीही. तिघांचा आकडा एक हवा. त्यातच ड्राइव्ह लिंकची जाडी पट्टीच्या खाचेत बसायला हवी: ०.०५०, ०.०५८ की ०.०६३, ते पट्टीवरच कोरलेलं असतं. न जुळणारी साखळी कधी कधी थोडा वेळ फिरतेही. तेवढ्यात स्प्रॉकेटचे दाते झिजतात, लिंकचे पाय चेपतात, आणि नवी आणलेली साखळी त्याच झिजलेल्या स्प्रॉकेटवर पुन्हा खराब होते. दुकानात जाताना जुनी साखळी आणि पट्टी काढून बरोबर न्यावी. आकडा आठवणीतून सांगू नये.

दोन मशीनं परवडत असतील तर उत्तमच. एकच परवडत असेल तर बागायतदारानं लहान घ्यावं, लो प्रोफाइल साखळीचं, आणि वादळात पडलेल्या खोडासाठी गावातल्या लाकूडवाल्याला बोलवावं. तो आपलं सत्तर सीसीचं मशीन आणि ३/८ची साखळी घेऊन येईल, खोडाचे ओंडके करून टेम्पोत भरील. फांद्यांचं काम मात्र त्याच्यावर सोपवू नये. कुठली फांदी पुढच्या मोहरासाठी राखायची, हे त्याला माहीत नसतं.