सहा रुपयांचा दाखला

“आमचं मार्जिन आर्म्स लेंथ आहे, प्राप्तिकर खात्यानंही ते मान्य केलंय. यापेक्षा जास्त पगारवाढीला जागाच नाही.” बारामती एमआयडीसीतल्या एका वेतनकराराच्या बैठकीत हे ऐकलं. आर्म्स लेंथ, म्हणजे आपसात नातं नसलेल्या दोन कंपन्यांमध्ये ठरेल तसं. ताळेबंद समजून घ्यायला कामगार प्रतिनिधींनी मला सोबत नेलं होतं. कारखान्याचा सगळा माल परदेशातली मूळ कंपनीच घेते आणि शंभर रुपये खर्चावर सहा रुपये नफा देते. पियाजिओ, फेरेरो ही इथली सर्वांना ठाऊक असलेली नावं. बैठक त्यांची नव्हती. करासाठी तयार केलेला आकडा माणसांच्या कामाचं मोल म्हणून पुढे केला गेला, याची मला चीड आली.

एकाच घरातल्या व्यवहारात भाव कोणता धरायचा, हा प्रश्न आपल्या पट्ट्याला नवा नाही. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद उठून विचारतो, आपल्याच डिस्टिलरीला मळी कोणत्या भावानं धरली? मळीचा भाव कमी धरला की उसाचा दर देताना हात आखडतो, हे त्याला पक्कं माहीत असतं.

अशा आपसातल्या भावाला करकायद्यात ट्रान्सफर प्रायसिंग म्हणतात. त्याचा इतिहास असा सांगतात: लीग ऑफ नेशन्ससाठी मिचेल कॅरोल यांनी १९३३ मध्ये दिलेला अहवाल, ओईसीडीची १९९५ ची मार्गदर्शक तत्त्वं, मग आपला २००१ चा वित्त कायदा, कलम ९२ ते ९२एफ, पाच पद्धती आणि २०१२ पासून सहावी. हा क्रम कोणताही सीए सांगेल. त्यावर वाद नाही. वाद आहे तो २००१ ला भारतातल्या ट्रान्सफर प्रायसिंगचा जन्म मानण्याशी.

१९२२ च्या प्राप्तिकर कायद्यातच कलम ४२(२) होतं. मुंबईच्या माझगाव डॉकचे शेअर्स पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या दोन ब्रिटिश जहाज कंपन्यांकडे होते. त्यांच्या जहाजांची दुरुस्ती गोदी फक्त खर्चात करून द्यायची, नफा लावायचा नाही, असा करार होता. नफाच नाही तर कर कसला, असं गोदीचं म्हणणं. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. जवळच्या नात्यामुळे धंद्याची रचनाच अशी केली असेल, की इथल्या माणसाला नफा उरत नाही किंवा त्या धंद्यात सर्वसाधारणपणे मिळावा त्याहून कमी उरतो, तर न उरलेल्या नफ्यावरही कर लागतो, असं ते कलम सांगत होतं. १९६१ च्या कायद्यातलं जुनं कलम ९२ हाच विचार घेऊन आलं.

त्या कायद्यात उणीव होती. ‘सर्वसाधारण नफा’ म्हणजे किती, हे ठरवणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहायचं. म्हणून २००१ चे नियम हवेच होते. पण त्यांनी प्रश्नच बदलला, आणि तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. जुना कायदा विचारायचा, या नात्यामुळे इथे काय उरायचं राहिलं? नवा विचारतो, तुमची किंमत परक्यांमधल्या किमतीसारखी आहे का? फक्त मूळ कंपनीसाठी बनणाऱ्या सुट्या भागाला बाजारात जोड सापडत नाही. मग किंमत बाजूला राहते आणि टीएनएमएम ही पद्धत येते, म्हणजे पुन्हा नफ्याचीच तुलना. नफा परत आला, जुना प्रश्न आला नाही.

टीएनएमएममध्ये कारखान्याला आधी ‘साधा उत्पादक’ ठरवतात. प्रोवेस वगैरे डेटाबेसमधून तशाच कंपन्या निवडतात. सहा किंवा जास्त मिळाल्या तर ३५ व्या ते ६५ व्या शतमकाच्या पट्ट्यात मार्जिन बसलं की झालं. ब्रँड, तंत्रज्ञान, वरचा नफा मूळ कंपनीकडे. खरा निकाल लागतो तो ‘साधा’ या शब्दात, आणि करासाठीच्या अहवालात तो शब्द कंपनीच लिहिते.

बैठकीनंतर चहाच्या टपरीवर टूलरूममधल्या एकानं सांगितलं, गेल्या वर्षी त्यांनी एक फिक्श्चर सुधारलं, नगामागचा वेळ वाचला. पाकिटाच्या मागे आम्ही हिशेब मांडला. समजा खर्च १०० वरून ९५ वर आला. सहा टक्क्यांनी नफा सहा रुपयांऐवजी ५ रुपये ७० पैसे. मूळ कंपनीला १०६ चा माल १०० रुपये ७० पैशांत. बचत आणखी जास्त असती, तर कारखान्याचा नफा आणखी घटला असता. तरीही मार्जिन सहा टक्केच, पट्ट्यात, निर्दोष.

तो पाकिटाकडे बघत राहिला. “म्हणजे साहेब, डोकं आम्ही लावलं आणि तीस पैसे आमच्याच कारखान्याचे गेले?”

पुढच्या बैठकीत आम्ही मार्जिनचा तक्ता मागितला नाही. अहवालातलं कारखान्याच्या कामांचं वर्णन असलेलं पान मागितलं. त्यात टूलरूमचा उल्लेख नव्हता.