पाहणाऱ्याचे कर्तेपण

केनियाच्या पर्यटनात सफारी आणि समुद्रकिनारा ही जोडी इतकी रूढ झाली आहे की, त्सावोच्या तांबड्या मातीत लोळून लालसर दिसणारे हत्ती काही दिवस पाहायचे आणि मग मोंबासाच्या दक्षिणेला डियानीच्या पांढऱ्या वाळूवर विसावायचे, हा सुट्टीचा ठरलेला क्रमच मानला जातो. या क्रमामागे एक नैतिक गृहीतक असते आणि ते सहसा तपासले जात नाही. हौसेखातर होणाऱ्या मोठ्या प्राण्यांच्या शिकारीवर केनियाने 1977 मध्ये बंदी घातली, बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली, आणि म्हणून आजचा प्रवासी जंगलात काही करत नाही, केवळ पाहतो, अशी समजूत आहे. केवळ पाहणे शक्य असते काय, हा प्रश्न मात्र तत्त्वज्ञानात जुना आहे आणि अवघडही आहे.

भारतीय दर्शनांपैकी सांख्यांनी त्याचे उत्तर ठामपणे होकारार्थी दिले. त्यांच्या मते पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, हा साक्षी आहे. जे काही घडते ते प्रकृतीत, म्हणजे त्रिगुणात्मक जड तत्त्वात घडते, आणि पुरुषाकडे त्यातले कोणतेही कर्तेपण येत नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृतीला नर्तकीची उपमा दिली आहे: प्रेक्षकांना आपले रूप दाखवून झाले की ती निवृत्त होते. छत उघडलेल्या गाडीत उभा राहून सिंह न्याहाळणारा प्रवासी नकळत स्वतःला याच साक्षीच्या जागी ठेवतो. पण सांख्यांचा साक्षी पाहून मोकळा होतो आणि त्याच्यापुरता खेळ संपतो, तर प्रवाशासमोरचा खेळ तो पैसे मोजत राहील तोवर चालू ठेवावा लागतो, आणि इथेच उपमा मोडते.

मसाई मारात चित्ता दिसला की एका गाडीचा चालक वायरलेसवर इतरांना ठिकाण कळवतो आणि थोड्याच वेळात त्या प्राण्याभोवती गाड्यांचे कडे उभे राहते. सिंह आणि तरस यांच्याशी गाठ नको म्हणून चित्ता बहुधा दिवसा शिकार करतो, म्हणजे नेमका पर्यटकांच्या वेळेत. फेम्के ब्रूखाउस यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात चित्त्याच्या मादीची दर वेतातली सरासरी 2.3 पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत जगली, तर जास्त वर्दळीच्या भागात हे प्रमाण अवघे 0.2 होते. तेव्हा पाहणे हीही कृती आहे. न पाहणे निर्दोष ठरते असेही नाही, कारण 2020 च्या साथीत पर्यटक येईनासे झाले तेव्हा माराच्या भोवतालची जी जमीन मसाई मालकांनी वन्यजीवांसाठी भाड्याने दिली होती, तिचे उत्पन्न आटले आणि ती राखण्याचा आर्थिक आधारच डळमळला.

अकर्माचा पेच त्सावोच्या इतिहासात अधिक तीव्रपणे दिसतो. 1948 मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाचे पूर्व आणि पश्चिम भाग मिळून क्षेत्र 20,000 चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. याच प्रदेशात वाथा लोक मोठ्या धनुष्यांनी आणि विष माखलेल्या बाणांनी पिढ्यान्‌पिढ्या हत्तींची शिकार करत. नव्या कायद्याने त्यांची उपजीविका चोरटी शिकार ठरली आणि 1950 च्या दशकात मोहीम काढून त्यांच्यापैकी अनेकांना तुरुंगात घातले गेले. हत्तींची संख्या वाढली, झाडोरा मोडून पडू लागला, आणि 1960 च्या दशकात रिचर्ड लॉझ या शास्त्रज्ञाने हत्ती मारून त्यांचा अभ्यास करण्याची आणि संख्या आटोक्यात आणण्याची योजना मांडली. उद्यानाचे अधिकारी डेव्हिड शेल्ड्रिक यांनी तिला कडाडून विरोध केला. निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. लॉझ यांना निघून जावे लागले. पुढे 1970-71 च्या अवर्षणात किमान 6,000 हत्ती मेल्याचा अंदाज आहे, आणि त्यांत माद्या व पिल्लांचे प्रमाण मोठे होते.

कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म ओळखण्याची जी चर्चा गीतेच्या चौथ्या अध्यायात येते, तिला याहून कठोर उदाहरण सापडणे कठीण. लॉझ यांची योजना ऐकायला क्रूर वाटते, पण ती स्वतःला कृती म्हणवून घेत होती. ज्या निसर्गाला त्याच्या मार्गाने जाऊ द्यायचे होते, तो मात्र शिकारी माणूस हाकलून आणि सीमा आखून तयार केलेला होता. शेल्ड्रिक यांची करुणा खरी असली तरी तिच्यातली ही मेख सुटत नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांत आणि जैन आचारशास्त्रात हिंसेचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, ते इथे सांख्यांच्या साक्षीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. कृत म्हणजे स्वतः केलेली, कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवलेली, आणि अनुमोदित म्हणजे संमती दिलेली. गाडी जवळ न्यायला सांगून चालकाला जादा बक्षिसी देणारा प्रवासी दुसऱ्या प्रकारात मोडतो. समुद्र दिसावा म्हणून कोणते जंगल तोडून हॉटेल उभे राहिले हे न विचारता खोली घेणारा तिसऱ्यात.

त्याच डियानीच्या दक्षिण टोकाला काया किनोंडो आहे. काया म्हणजे मिजिकेंडा लोकांची, म्हणजे केनियाच्या किनाऱ्यावरील नऊ जमातींची, वनवेष्टित तटबंद वस्ती. वस्त्या उठल्या, वन मात्र पूर्वजांचे स्थान म्हणून राखले गेले. सह्याद्रीतल्या देवराईशी त्याचे नाते मराठी वाचकाला सहज ओळखता येईल. त्सावोत माणूस काढून रान घडवले, येथे माणूस राहून गेला म्हणून रान टिकले. 2008 मध्ये युनेस्कोने अशा काही कायांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. किनोंडोत शिरणाऱ्या पाहुण्याला कमरेला काळे कापड गुंडाळावे लागते, डोके उघडे ठेवावे लागते, आणि पान-काटकीही बाहेर नेता येत नाही. प्रवेशशुल्क येथेही आहे, म्हणून बाजारापासून ही जागा अलिप्त आहे असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही काळे कापड गुंडाळलेला माणूस स्वतःला साक्षी समजू शकत नाही. तो त्या विधीत भाग घेत असतो आणि त्याच्या वागण्याचा जाब विचारणारे वडीलधारे तेथे हजर असतात.

अर्थात ही रीत जशीच्या तशी त्सावोला लावता येत नाही. किनोंडोचे वन जेमतेम 30 हेक्टरांचे आहे, तेथे हत्ती नाहीत, आणि तेथील डिगो समाज बहुतांशी मुस्लिम असल्याने पूर्वजांच्या विधींविषयी खुद्द समाजातच मतभेद आहेत. आणि हत्तींच्या मरणाचा जुना पेच अजून संपलेला नाही: 2022 च्या अवर्षणात केनियात फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात 205 हत्ती मेल्याची नोंद झाली. त्सावोतील काही निवासांच्या सज्ज्यासमोर पाणवठे राखलेले असतात, आणि तहानलेले कळप तेथे येतात ते पाहुण्यांना खुर्चीत बसून दिसतात. अशा काळात तो पाणवठा भरणे ही दया आहे की देखाव्याची सोय, हे पाण्यावरून ठरवता येत नाही. पाहुणे नसलेल्या दूरच्या कोरड्या पात्रापर्यंतही टँकर जातो का, यावरून ते थोडेफार ठरवता येईल.