मुलाने कोठे वाढावे?

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा एक तरुण गेल्या महिन्यात मगरिबच्या नमाजनंतर मशिदीत थांबला. त्याची मुलगी चार वर्षांची आहे. "मौलाना, सासरची मंडळी म्हणतात, पुण्याला कोंढव्यात राहायला या. तिथे शाळा चांगली, मकतब जवळ, नातेवाईक भोवती. नोकरी मात्र इथेच राहील. मी रोज ये-जा करीन. काय करावे?"

मी लगेच हजरत हलीमा (रजि.) यांचा दाखला दिला. मक्केतील घराणी आपली तान्ही बाळे वाळवंटातील कबिल्यांकडे सोपवीत. मोकळी हवा आणि शुद्ध अरबी भाषा मिळावी, हा हेतू. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आरंभीचे बालपण बनू सअद कबिल्यात गेले. तेव्हा शहरापेक्षा गाव बरे, असे मी सांगून टाकले. तो सलाम करून गेला. मला मात्र माझे उत्तर अपुरे वाटू लागले.

आजचे सुपा म्हणजे बनू सअदचे वाळवंट नव्हे. नगर-पुणे रस्त्यावर अहोरात्र मालमोटारी धावतात. कारखान्यांच्या पाळ्यांप्रमाणे घरे जागतात आणि झोपतात. शिवाय तेच बालक पुढे माता आमिना यांच्याकडे मक्केत परत आणले गेले, हे मी सांगितलेच नाही. सीरतमधील प्रसंग अर्धा सांगणे म्हणजे आपल्याच मताला आधार शोधणे होय.

हजरत इब्राहीम (अलै.) यांनी आपल्या संततीला जेथे वसवले, तेथे पीकही उगवत नव्हते. सूरह इब्राहीमच्या 37व्या आयतीत त्यांची दुआ आहे. त्यांनी आधी नमाजचा उल्लेख केला, नंतर लोकांची मने या संततीकडे ओढली जावीत असे मागितले आणि शेवटी फळांची उपजीविका मागितली. आपण हा क्रम उलटा करतो. पगार, घर आणि शाळा यांचा हिशेब आधी होतो. मुलाला माया लावणारी माणसे कोण, हा प्रश्न मागे राहतो.

सात वर्षांच्या मुलाला नमाजची आज्ञा करावी, अशी शिकवण आहे. त्याआधीचे वय पाहून शिकण्याचे. मुलगी उठण्यापूर्वी निघणारा आणि ती झोपल्यावर परतणारा पिता तिला सजद्यात कधी दिसणार? पण सुप्याच्या भाड्याच्या खोलीत आई दिवसभर एकटी असेल, तर त्या एकटेपणाची छायाही मुलीवर पडतेच. दोन्ही पारड्यांत काहीतरी आहे. म्हणून सर्वांना लागू पडेल असा एकच निवाडा देता येत नाही.

निर्णयाची रीत मात्र कुरआनने दाखवली आहे. सूरह बकराच्या 233व्या आयतीत बाळाचे दूध तोडण्यासाठीसुद्धा आईवडिलांची परस्पर संमती आणि सल्लामसलत सांगितली आहे. मग घर बदलण्यासारखी गोष्ट एकट्याने कशी ठरवावी?

पुढच्या शुक्रवारी मी त्याला थांबवले. माझे आधीचे उत्तर घाईचे होते, हे कबूल केले आणि विचारले, "मुलीच्या आईचे म्हणणे काय?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "तिला अजून विचारलेच नाही, मौलाना."

मीही त्या दिवशी हे विचारले नव्हते. बंधूंनो, मशिदीत प्रश्न घेऊन येण्यापूर्वी तो घरात मांडा. अल्लाह आपल्या लेकरांना जेथे असतील तेथे नमाज, माया आणि हलाल रोजी देवो. आमीन.